15 नंबरची बहीण सापडली: घंगाळ, मॉरिशसचा दस्त आणि बदललेला बेत

घंगाळावरचं अक्षर सुटलं. 'मामाकडून' नाही, 'मावशीकडून' आहे.

आधीचे भाग वाचलेल्यांना याचा अर्थ लगेच लागेल. नव्यांसाठी दोन ओळी: वंशावळीत नावांऐवजी क्रमांक देऊन आपण शुद्ध आईकडची साखळी धरतो. स्वतः 1, आई 3, आजी 7, पणजी 15, खापरपणजी 31. दर पिढीला दुप्पट अधिक एक. या साखळीतली 1 म्हणजे कोल्हापुरातल्या त्या आजी, ज्यांच्याकडे मॉरिशसच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातलं घर वारशाने आलं आहे. घर 15 च्या माहेरचं, एवढंच घरात बोललं जायचं. ते आलं कुणाकडून, यावर सगळ्या बायका गप्प. आणि 15 एकुलती एक, हे तर सगळेच ठामपणे सांगायचे.

हे घंगाळ तांब्याचं आहे, 7 च्या लग्नातलं. नाव ठिपक्यांनी घातलेलं, काठाखाली एका ओळीत. सुरुवातीला 7 चं सासरचं नाव, मग 'मा', मग झीज, मग 'कडून', शेवटी शके 182, एक पुसलेला आकडा आणि संवत्सराच्या नावाची सुरुवात. लग्नात भांडं मामाकडून येतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द 'मामाकडून'च वाचला गेला. त्या मामाला शोधण्यात आपल्या ग्रुपचा किती वेळ गेला ते वेगळं सांगायला नको. वंशावळी राखणाऱ्या हेळव्याच्या वहीत तो नाही, गाव नमुना 14 या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत नाही, कुणबी नोंदींच्या मोहिमेत स्कॅन झालेल्या मोडी कागदांतही नाही. कसा असेल?

झीज नेमकी मधोमध का, हे आधी कळायला हवं होतं. हात लागून झिजलं असतं तर सगळी ओळ सारखी झिजली असती. इथे 'मा' आणि 'कडून' ही शब्दाची दोन्ही टोकं शाबूत. कारण कडी. घंगाळ खाली ठेवलं की कडी पडते आणि दरवेळी काठाखालच्या एकाच जागी आपटते. शिवाय पोचा काढताना तांबट आतून ऐरण देऊन बाहेरून ठोकतो, त्यात ठिपके दबतात. दबलेला ठिपका नाहीसा होत नाही, उथळ होतो. त्यामुळे पहिला नियम: घासायचं नाही. चिंच-मीठ नको, पितांबरी नको, लिंबू तर अजिबात नको. आम्ल काळा थर खातं, आणि उथळ ठिपक्यात उरलेला काळा थर हीच तर आपली शाई. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि थांबा.

दुसरी गोष्ट उजेड. समोरून दिवा मारला की तांबं चमकतं आणि अक्षर गायब होतं. ते गोल दिवे, ज्यांना व्हिडिओवाले डोक्यावर घेऊन नाचतात, या कामाला कुचकामी आहेत. साधी एलईडी टॉर्च घ्या, तीही जुनी, एकच बल्ब असलेली. खोली अंधारी करा, फोन स्टँडवर पक्का बांधा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांत धरा आणि प्रत्येक 45 अंशांवर एक फोटो घ्या. एका फेरीत आठ. ठिपक्याच्या एका कडेला सावली आणि समोरच्या कडेला चकाकी पडते; ओरखड्याला ती त्याला आडव्या पडणाऱ्या उजेडातच दिसते, ठिपक्याला आठही दिशांनी. खरं-खोटं निवडायची कसोटी हीच. मग आठही फोटो गिम्प या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून वरच्या थरांना 'डार्कन ओन्ली' लावायचं. ओरखडेही काळे होतात, म्हणून प्रत्येक संशयित ठिपका सुट्या फोटोंत परत तपासायचा. ही पायरी गाळू नका.

चमक जास्तच त्रास देत असेल तर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा आणि वरची फुंकून टाका. खळग्यात राहते तेवढी पुरते. रांगोळी वापरायचा सल्ला कुणीतरी दिला होता. कृपा करून नको, ती पत्र्यावर ओरखडते.

गोलाईमुळे फोटोवर माप घेता येत नाही, त्यासाठी ठसा लागतो. बटर पेपर ताठ असतो, वळत नाही. भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू चांगला, पण 6बी पेन्सिल आडवी धरूनच. उथळ ठिपक्यांसाठी मात्र स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल नंबर एक: एकेरी ठेवायची, खोडरबराने दाबत जायचं, नखाने नाही. काढल्यावर उलट्या बाजूने तिरप्या उजेडात वाचा. शिरोरेषेवरचे दोन ठिपके पहिल्यांदा स्वच्छ दिसले ते फॉइलवर.

आता मापं. याच ओळीतल्या शाबूत अक्षरांवरून: एक अक्षर सरासरी 5 मिमी, काना 2 मिमी. पहिल्या 'मा' चा काना संपतो तिथपासून 'क' सुरू होईपर्यंत जागा 13 मिमी. 'मामा' असेल तर मध्ये फक्त 'मा', म्हणजे 7 मिमी. नाव घालणारा एका शब्दात उरलेली 6 मिमी मोकळी सोडत नाही. 'वशी' ला 5, 5 आणि वेलांटीच्या दांडीचे 2, म्हणजे 12, बसतं. शिवाय रेषेच्या वर ठिपके आहेत, आणि 'मामा' मध्ये रेषेवर काहीच येत नाही. 'मामी' ला वेलांटी आहे, पण जागा पुन्हा 7 च. 'मातोश्री' हा एकच खरा प्रतिस्पर्धी होता. जागा ओढूनताणून बसते, पण मग 'तो' ची मात्रा डावीकडे रेषेवर दिसायला हवी, आणि तिथे आठही उजेडांत पत्रा कोरा आहे. मावशीच.

वर्षाचं अर्धं काम झालं आहे. शके 182 पुढचा आकडा गेला, पण संवत्सराचं पहिलं अक्षर 'श' आणि त्याला काना आहे. 1820 ते 1829 या दहा शकांत 'श' वरून तीन संवत्सरं येतात: 1822 शार्वरी, 1824 शुभकृत, 1825 शोभन. 'शु' ला काना नाही, म्हणून शुभकृत बाद. उरले 1822 आणि 1825, म्हणजे इसवी 1900-01 किंवा 1903-04. 'शो' ची मात्रा आहे की नाही, एवढ्यावर अडलंय. काठ तिथे दुमडलेला आहे, टॉर्च आत शिरत नाही. दाताच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा मागवलाय.

आता मॉरिशस. घराच्या दस्ताची नक्कल आली. तिथे दस्त सरकारी खंडांत उतरवून ठेवतात आणि 'टी. व्ही.' (ट्रान्सक्रिप्शन व्हॉल्यूम), खंड क्रमांक आणि दस्त क्रमांक अशी त्याची ओळख असते. हे दोन आकडे हाताशी नसतील तर नुसत्या नावावर शोधाशोध करण्यात दिवस जातात, म्हणून जुन्या कागदांत आधी 'टी. व्ही.' शोधा. क्षेत्र 25 पर्श. एक पर्श सुमारे 42.2 चौरस मीटर, तेव्हा आपल्या हिशोबाने साडेदहा गुंठ्यांना थोडं कमी. शंभर पर्शांचा एक आर्पाँ. घराचं वर्णन 'लाकडी, पत्र्याखाली'. हे वर्णन दस्तागणिक नीट वाचत जा: 1960 च्या अॅलिक्स आणि कॅरोल वादळांनंतर लाकडी घरांच्या जागी सिमेंटची घरं येत गेली, आणि नंतरच्या कागदांत 'स्लॅबखाली' असं दिसू लागलं की घर बदललं हे समजतं. आजींच्या नावावर आलेलं घर आणि 31 चं घर यांची जमीन एक, भिंती वेगळ्या.

दस्त आहे खरेदीखत. विकणारी 31. घेणाऱ्या दोघी, तिच्या मुली, सामाईक: एक 15, दुसरी घंगाळवाली मावशी. विकलेला आहे फक्त मालकी हक्क. तहहयात वहिवाट आणि उपभोग 31 ने स्वतःकडे राखून ठेवला. आणि किंमत 'नोटरीच्या नजरेआड' आधीच चुकती झाल्याचं लिहिलंय. फ्रेंच धाटणीच्या दस्तांत हे वाक्य नेहमीचं आहे, एकटं असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण आई विकते, मुली घेतात, पैसे कुणी पाहिले नाहीत आणि आई मरेपर्यंत तिथेच राहणार, हे चारही एकत्र आले की ती विक्री नसून बक्षीस आहे असं मी तरी म्हणेन.

मग सरळ मृत्युपत्र का नाही केलं? दोघींच्या नावापुढे 'नैसर्गिक कन्या', म्हणजे विवाहबाह्य मुलगी, असं आहे आणि वडिलांचं नाव कोरं. मॉरिशस 1810 साली इंग्रजांकडे गेलं, तरी दिवाणी कायदा नेपोलियनचाच राहिला. 1804 च्या मूळ संहितेचं 908 वं कलम म्हणतं की विवाहबाह्य मुलांना वारसा-प्रकरणात दिलेल्या हिश्शापेक्षा जास्त काही बक्षिसाने किंवा मृत्युपत्राने देता येणार नाही. विक्रीला ही आडकाठी नाही. 31 ला हे कुणीतरी नीट समजावून सांगितलेलं दिसतं. घर पुरतं मुलींच्याच हातात जावं याची तिने कायद्यातूनच वाट काढली.

'नैसर्गिक' वाचून लगेच कान टवकारू नका. गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, धार्मिक लग्नं नागरी नोंदणीशिवाय लागली तर कायद्याच्या लेखी ती लग्नंच नव्हती. मांडव घालून, अक्षता पडून झालेल्या लग्नाची मुलंही रजिस्टरात आईच्या नावावर लागत. घरातला मौनाचा वसा बहुधा इथूनच आला: इकडे कुणीतरी दस्त वाचून घेतला, 'बाप नाही' एवढं कानावर पडलं, आणि मावशीसकट सगळं माहेर पुसून टाकलं गेलं. बहीण कबूल केली की दस्त आला, दस्त आला की कोरा रकाना आला. माझा हा अंदाज आहे, पुरावा नाही.

यावरून एक भांडण पुन्हा उकरून काढते. बायकांची साखळी नावावरून शोधायची नसते, मालमत्तेवरून शोधायची. हेळव्याची वही आणि आपले महसुली कागद पुरुषांची माळ जपतात. लग्नात बाईचं नाव बदललं की तिथे धागा तुटतो. फ्रेंच धाटणीचा दस्त मात्र बाईला 'अमक्याची विधवा, जन्माची तमकी' असं दोन्हीकडून धरून ठेवतो. भांडी, दागिन्यांच्या याद्या, घरखत. आधी हे, मग वंशावळ.

भाषांतराचं अॅप दस्ताला चालत नाही. त्याने 'न्यू-प्रोप्रिएते', म्हणजे उपभोगाविना उरलेली मालकी, याचं 'नग्न मालमत्ता' केलं आणि अर्धा ग्रुप दिवसभर हसत होता. मजकूर हाताने टंकून, वाक्य तोडून, कायद्याच्या शब्दकोशाशी ताडून पाहा. आणि नक्कल मागताना समासासकट पूर्ण पान मागा. समासातल्या शेऱ्यांत पुढच्या हस्तांतराचे आकडे असतात, आणि स्कॅन करणारे नेमका समासच कापतात.

पुढचा बेत असा होता की 31 ला मॉरिशसमधल्या मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या स्थलांतर नोंदींत नावाने शोधायचं. तिथल्या रजिस्टरांत नाव, वडील, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि अंगावरच्या खुणा मिळतात. पण नावांचं काय होतं ते ठाऊक आहे: लेखनिकाने कानाला लागलं ते लिहिलं, 'ख' चा 'क', 'ठ' चा 'ट', उकाराला दोन 'ओ', ईकाराला दोन 'ई', 'बाई' कधी आहे कधी नाही. तिच्या नावाच्या रूपांचा तक्ता करायला बसले होते, एका नावाला डझनभर रूपं सहज होतात.

हे लिहिता लिहिता लक्षात आलं की तक्त्याची गरजच नाही. मावशीचं नाव आता दस्तात आहे, ती मॉरिशसमध्येच राहिली, म्हणजे तिच्या जन्माची नोंद तिथल्या नागरी दफ्तरात असणार. स्थलांतरितांच्या मुलांच्या दाखल्यांत आईबापांचा स्थलांतर क्रमांक लिहिलेला सापडतो. बाप कोरा असला तरी आईचा क्रमांक मिळू शकतो, आणि क्रमांकाला स्पेलिंग नसतं. म्हणून मोकाचा अर्ज थांबवला, आधी मावशीचा जन्मदाखला. क्रमांक हाती आला की खुणांच्या रकान्यात गोंदण आहे का ते पाहायचं. 1867 च्या कायद्याने मुदत संपलेल्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. 31 लाही असं तिकीट मिळालं असेल तर फोटोचीही आशा धरायला हरकत नाही.

डीएनएबद्दल विचारणाऱ्यांना: आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए 31 पासून 1 पर्यंत जवळजवळ तसाच येतो, पण बहीण आणि मावसबहीण यांत तो फरक करत नाही. सध्या पैसे वाया.

ज्यांच्या घरी जुनं घंगाळ किंवा हंडा आहे त्यांनी कडी उचलून तिच्या खाली बघा. फोटो टाकताना टॉर्च कुठल्या बाजूने धरली तेही लिहा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.