पांढरीची दरड आणि चार महिन्यांची फाईल

गिरणेला पूर चढत असताना काठ सहसा पडत नाही, पाणी ओसरायला लागलं की पडतो. माती भिजून जड झालेली असते, तिला पाण्याचाच टेकू असतो. तो निघाला की दहा-पंधरा फुटांची उभी भिंत एकदम खाली बसते. त्यात वाळू उपसून पात्र खोल गेलंय, त्यामुळे काठाचा पायाच पोखरला जातो. गेल्या वर्षी सप्टेंबरात रात्री धप्प आवाज आला. सकाळी पाहतो तर कपाशीच्या दोन ओळी गायब आणि खाली उतरल्यावर समोर ताजी कापलेली भिंत.

त्या भिंतीत छातीच्या उंचीवर राखेचा वीतभर जाड पट्टा होता. त्यात खापरं, कोळसा, हाडांचे तुकडे आणि भाजून लाल झालेला मातीचा एक कमानीसारखा भाग. मला काही उमगेना. शेजारची आजी पाहायला आली, तिने क्षणात सांगितलं, "हाई त चूल शे!" लाकडं कुठल्या बाजूने घालत असतील तेही हाताने दाखवलं. अर्धी चूल भिंतीत होती, अर्धी नदीने नेलेली.

आमच्या वावराच्या या तुकड्याला गावात पांढरीच म्हणतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पण इथे वस्ती असल्याचं कोणाच्या आजोबालाही आठवत नाही. वडील मात्र इथली माती बैलगाडीने काळ्या रानात खत म्हणून टाकायचे, घराच्या धाब्यावरही तीच. तेव्हा नदीला एकटीला दोष देऊन चालणार नाही. वरून आम्ही खाल्लं, बाजूने ती खातेय.

पडलेल्या ढिगातून एक खापर उचललं. पातळ, लाल, वर काळ्या रंगात दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये तिरप्या रेघांची जाळी. टिचकी मारली तर खणकन वाजलं. गिरणाकाठचं बहाळ गाव आमच्यापासून लांब नाही. तिथे १९५२-५३ आणि १९५६-५७ मध्ये भारतीय पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं होतं, समोरच्या काठावर टेकवाड्याला दफनं निघाली होती. म्हणून इथेही तशीच जुनी वस्ती असेल असा संशय आला. पुण्यात पुरातत्त्व शिकलेला एक ओळखीचा मुलगा आहे, त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "जोर्वे वाटतंय, काका. काही उकरू नका. पट्टी ठेवून फोटो घ्या." जोर्वे ही तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची जुनी संस्कृती, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून तिला नाव पडलं. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००. म्हणजे ती चूल तीन हजार वर्षांपूर्वी विझलेली.

मग कागद सुरू झाले. पहिला अर्ज मी दोन पानी लिहिला, त्यात 'अमूल्य ठेवा', 'पूर्वजांचा वारसा' सगळं होतं. टेबलावरच्या माणसाने पहिला परिच्छेद वाचून विचारलं, "मागणी काय नेमकी? जमिनीची भरपाई?" त्याचंही चूक नव्हतं. जमीन गेली तर महसूल, काठ पडला तर पाटबंधारे, वाळूचा विषय गौण खनिजाकडे, खापरांचा पुरातत्त्वकडे. माझा अर्ज सगळ्यांचाच होता, म्हणजे कोणाचाच नव्हता. तीन आठवडे तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. मध्येच निघालं की सातबाऱ्यावर जे क्षेत्र माझं आहे, त्यातलं काही आता नदीपात्रात आहे. 'जागा नेमकी कोणती' हे आधी ठरवा म्हणाले. तेव्हा जमिनीच्या नकाशाची प्रत काढावी लागली.

इकडे गावात बातमी फिरली. "काय सापडनं रे भाऊ, सोनं का?" एका रात्री कोणीतरी पहार घेऊन येऊन गेलं. चूल गेली. चार खड्डे आणि विडीची थोटकं राहिली. पूर आला तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

दुसरा अर्ज एकाच पानाचा केला. गट नंबर, फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, वरच्या पातळीपासून राखेचा थर किती खोल, त्याची लांबी किती, सहा फोटो. मागणी एकच: पुढच्या पावसाळ्याआधी पाहणी करून नोंद घ्यावी. आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याचा उल्लेख. मातीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. या खापराचे दहा रुपये तरी येतील का, यावर तिथे थोडा हशा झाला, पण पोच मिळाली. शिक्का आणि आवक क्रमांक नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. त्यानंतर दर फोनवर मी आधी तो क्रमांक सांगायचो, मग नाव.

अर्जासोबत मी एक तक्ताही जोडला होता. काठापासून पाच, दहा आणि पंधरा फुटांवर बाभळीच्या खुंट्या ठोकल्या होत्या आणि दर रविवारी टेप धरून अंतर लिहीत होतो. पुढे पाहणीला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, फोटोंपेक्षा या तक्त्यामुळे फाईल वर गेली.

जानेवारीत पुरातत्त्वचे दोघे आले, दीड दिवस राहिले. खुरपीने भिंत साफ करून आलेख कागदावर थर उतरवले. कोळशाचे तुकडे चिमट्याने उचलून अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळले. त्यांचा कागद संपला तेव्हा बायकोने पोळ्यांच्या डब्यासाठीचा आणून दिला. पंचनामा झाला, खापरांची यादी झाली, मला पावती मिळाली. उत्खनन होईल का, विचारलं. नाही. काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर? ते आमच्याकडे येत नाही, म्हणाले. मी चहा पाजला.

यंदा पोळ्यानंतर पूर आला आणि त्यात पहिल्या दोन खुंट्या गेल्या. तिसरीपासून काठ आता दोन फुटांवर आहे. परवा चौथी ठोकली, कपाशीच्या मधोमध.