तारीख नसलेली कामं

विजेचं बिल कधी भरायचं हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. शाळेची फी, कर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स या सगळ्यांना तारीख असते आणि ती चुकली की कोणीतरी दंड लावतं, निदान फोन तरी करतं. भिशी घ्या. लेखी करार नाही, पावती नाही, तरी हप्ता कोणी चुकवत नाही, कारण तारीख ठरलेली असते आणि दहाजणी बघत असतात. राहतात ती तारीख नसलेली कामं. खात्याला नॉमिनी लावणं, जुन्या नोकरीतला पीएफ नव्या खात्यात आणणं, मृत्युपत्र लिहिणं. आज केलं नाही तर उद्या काही बिघडत नाही. परवाही नाही. बिघडतं ते एकदम, आणि निस्तरावं लागतं भलत्यालाच.

म्हणून ‘आमच्या पिढीला शिस्त होती’ आणि ‘आजोबांना पैशातलं काही कळत नव्हतं’ ही दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ वाटतात. कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस करणारे आजोबा बेफिकीर कसे म्हणायचे? त्यांची बेफिकिरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते, साडीच्या दुकानाच्या पिशवीत. एफडीच्या पावत्या, विम्याचे बाँड, पतसंस्थेची पासबुकं आणि कधीकाळी हौसेनं घेतलेले कागदी शेअर. पिशवीत काय आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. पंचाईत अशी, की फक्त त्यांनाच असतं.

या पिशवीतल्या कागदांचं पुढे काय काय होतं ते बघा. एफडीची मुदत संपली आणि नूतनीकरणाची सूचना दिलेली नसेल, तर पुढच्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो. रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियमच आहे तसा. खात्यात दोन वर्षं काही उलाढाल केली नाही की ते निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसाला बँकेकडून मागता येते. शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही आहे. पण शोधायचं आहे हे आधी कोणाला तरी ठाऊक हवं. कागदी शेअरचं दुखणं वेगळं. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअरच सरकारी निधीकडे वर्ग होतात. परत मागायला जावं तर सही जुळत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची ऐटदार सही आता थरथरत्या हाताला कुठून जमणार? पतसंस्थेतल्या ठेवीला तर बँकांसारखं पाच लाखांचं विमासंरक्षणही नसतं. हे सांगूनही पटत नाही, कारण चेअरमन ओळखीचे असतात.

नॉमिनीची गंमत आणखी. १९८५ साली उघडलेल्या खात्यावर नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव असतं, आणि वडिलांना जाऊन वीस वर्षं झालेली असतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, हक्क वारसांचा. हे न कळल्यामुळे सख्ख्या भावंडांनी बोलणं टाकल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील. नॉमिनीच नसेल तर लहान रकमेचं हमीपत्रावर भागतं, मोठ्या रकमेला कोर्टातून उत्तराधिकार दाखला आणावा लागू शकतो. घरजमिनीसाठी वारस दाखला घ्यायचा तर तो मिळतो १८२७ च्या रेग्युलेशनखाली, म्हणजे कंपनी सरकारच्या काळातल्या. त्यापेक्षा मृत्युपत्र किती सोपं! साधा कागद, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनीही सह्या केल्या की झालं. तरी विषय काढला की घरातून आवाज येतो, ‘भरल्या घरात अभद्र बोलू नकोस.’ खरं कुलूप इथे आहे.

मधल्या पिढीला वर्षातून एक तारीख होती. जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिस ८०सीचे, म्हणजे करवजावटीसाठी केलेल्या बचतीचे, पुरावे मागायचं आणि त्या आठवड्यात जो एजंट भेटेल त्याची पॉलिसी घ्यायची. अशा पाच पॉलिसी जमतात. परतावा पाच-सहा टक्के, आणि सगळ्या मिळून विमा आठ लाखांचा, डोक्यावर घराचं कर्ज पन्नास लाखांचं. टर्म इन्शुरन्सला, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या विम्याला, मात्र ‘परत काही मिळत नाही’ म्हणून नाक मुरडायचं. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू झाली, तिच्यात ही वजावट नाही. तारीख गेली, आणि काहींची बचतही तिच्याबरोबर गेली.

पीएफचंही असंच. पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत काढला तर कर लागतो, म्हणून तो नव्या खात्यात वर्ग करावा. पण आधी आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि जुन्या कंपनीनं नोंदवलेली नोकरी सोडल्याची तारीख, तिन्ही तपासून घ्यावं. अर्ज अडतो तो इथेच. वडिलांचं नाव एकीकडे गणपत, दुसरीकडे गणपतराव. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनाव आणि सासरचं.

तरुणांचं सगळं आपोआप चालतं, त्यामुळे बघायचं कारणच उरत नाही. क्रेडिट कार्डाची तारीख ते पाळतात, ‘किमान देय’ भरून. हिशेब ढोबळच मांडू. बाकी ४०,००० रुपये, किमान देय ५ टक्के म्हणजे २,०००. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. मुद्दलातून वजा होतात ३४८ रुपये. वर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. कंपनीचा आरोग्यविमा आहे म्हणून स्वतःचा घेतलेला नसतो, आणि राजीनाम्याबरोबर तो विमाही जातो.

यावर करायचं काय, तर तारीख द्यायची. दिवाळी पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो, घरानंही त्या दिवशी एक पान लिहावं. बँक आणि शाखा, खातं कोणाकोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, विमा कोणत्या कंपनीचा आणि पॉलिसी क्रमांक काय, कोणाचं किती देणं. पासवर्ड लिहू नयेत. वर तारीख घालावी, जुनं पान फाडून टाकावं, आणि हे कुठे ठेवलंय ते घरातल्या दोघांना तरी सांगावं. फक्त ते लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर कोणत्या बँकेत आहे आणि किल्ली कुठे आहे, हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं.