ते कुणाचं?

मंगळवार, रात्री उशिरा

ताटं उचलता उचलता धाकटीनं विचारलं, "बाबा, मॅथओव्हरफ्लो त्या कंपनीचंच ना आता?" माझ्या तोंडून हो निघेना, नाहीही निघेना. तिनं सहज विचारलं होतं. मला मात्र तेव्हापासून चैन नाही.

कंपनीचं म्हणजे काय? संशोधनातल्या गणिताच्या प्रश्नोत्तरांचं ते संकेतस्थळ, २००९ मध्ये बर्कली विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या पोरांनी उभं केलं. खर्चाला गणितज्ञ रवी वाकिल यांच्या संशोधन निधीचा आधार होता. सॉफ्टवेअर तेवढं पहिल्यापासून परक्याचं, आणि तिथंच घोडं अडलं. ते बनवणाऱ्या, प्रश्नोत्तरांची बरीच संकेतस्थळं चालवणाऱ्या स्टॅक एक्स्चेंज कंपनीनं ती जुनी आवृत्ती वाऱ्यावर सोडली. मग एकतर त्यांच्या मोठ्या जाळ्यात जायचं, नाहीतर आपलं आपण बांधायचं. प्रमेयं बाजूला ठेवून सर्व्हर कोण सांभाळणार होतं? धास्ती होतीच. गृहपाठाच्या प्रश्नांचा पूर येईल, आपली शिस्त जाईल. २०१३ च्या जूनमध्ये शेवटी गेलो. पूर काही आला नाही. संकेतस्थळाचा पत्ता आपल्याच नावावर राहिला, न पटल्यास सगळं घेऊन निघायची मुभाही ठरवून घेतलेली.

मग इतकं का लागावं?

२०२१ मध्ये ती अख्खी कंपनीच प्रोसस या डच गुंतवणूक कंपनीनं १८० कोटी डॉलरला घेतली. ज्यांच्याशी बोलणी केली, त्यांचाच मालक बदलला. आम्हाला कोण विचारतो! रात्र रात्र जागून उत्तरं लिहिणारे आम्ही त्या हिशोबात कुठंच नाही. हिच्या आजारपणाच्या वर्षी तर मी तिथंच बसलेला असायचो... ते असो.

२०२३ मध्ये त्याहून वाईट वाटलं. सगळ्या मजकुराची जी प्रत ठरावीक काळानं खुली होते, ती कंपनीनं न सांगता थांबवली. आरडाओरडा झाल्यावर पुन्हा सुरू झाली. पण निघायची मुभा असून काय उपयोग, सामानच उचलू दिलं नाही तर? ते कुणाचं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता सगळ्यांना. काहींना पडलाही.

आता जरा वेळापूर्वी गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांचं तिथलं ते २०१० मधलं उत्तर पुन्हा वाचलं. गाउस, ऑयलर होता येत नसेल तर गणितात आपण करायचं काय, असं कुणीतरी विचारलेलं. त्यांनी किती मायेनं लिहिलंय. दोन वर्षांनी ते गेले. उत्तर मात्र खुल्या परवान्याखाली आहे. त्यांचं नाव देऊन कुणीही कुठंही न्यावं. हे १८० कोटींत विकलं गेलेलं नाही, विकता येणारच नव्हतं. आणि स्वतंत्र राहण्याच्या हट्टापायी २०१३ मध्येच ते बंद पडलं असतं, तर आज रात्री मी काय वाचलं असतं? जायला हवंच होतं. प्रत मात्र आपल्या हाताशी हवी. आज ती उतरवायला लावली आहे, बरीच मोठी आहे.

हायपरबॉलिक मॅनिफोल्डवरचा कुणा विद्यार्थ्याचा एक प्रश्न निरुत्तर पडलाय. माझ्याकडे प्रतिउदाहरण आहे. आत्ताच लिहून टाकतो.