सान क्लेमेंतेच्या भिंतीवरची शिवी

रोमच्या सान क्लेमेंते चर्चच्या तळघरात एका भिंतीवर जुनं चित्र आहे आणि त्यात लॅटिनऐवजी बोलीभाषेत लिहिलेल्या ओळी; लोक त्या भिंतीपुढे थांबत नाहीत, याचा मला अजून राग येतो. कोलोसियमपासून चालत दहा-एक मिनिटांवर हे चर्च. वरचं बाराव्या शतकातलं, त्याच्या पोटात चौथ्या शतकातलं, आणि आणखी खाली उतरलं की रोमन काळातल्या इमारती आणि मिथ्र देवाचं मंदिर. सगळ्यांना घाई त्या मंदिराची. एक गाइड भलामोठा गट घेऊन आला, भिंतीकडे हात करून "अकरावं शतक" एवढंच म्हणाला आणि जिन्याकडे वळला. मी मात्र रोमला आले होते ती मुख्यतः याच भिंतीसाठी.

इटालियन भाषेचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत हे चित्र असतं. गोष्ट अशी: सिसिन्निउस नावाच्या रोमन सरदाराची बायको ख्रिस्ती झाली. हे सगळं क्लेमेंतचं, म्हणजे ज्याच्या नावाचं हे चर्च त्या संताचं चेटूक, असं समजून तो चिडला आणि नोकरांना म्हणाला, बांधा त्याला, ओढत आणा. नोकरांच्या डोळ्यांवर अशी काही भूल पडली की ते संत समजून एक दगडी खांबच ओढत बसले. बेनो दे रापिझा आणि त्याची बायको मारिया यांनी हे चित्र करवून घेतलं.

पुस्तकात मजकूर सलग ओळींत छापलेला असतो. भिंतीवर तो माणसांच्या अवतीभवती विखुरलाय, ज्याचं बोलणं त्याच्याजवळ. उजवीकडे सरदार हात पुढे करून उभा. दोघं दोरीने खेचताहेत, तिसरा मागून काठी लावून रेटतोय. "फालिते देरेतो को लो पालो, कार्व्होंचेल्ले!" म्हणजे, कार्व्होंचेल्ले, तू मागून काठी लाव. आणि सरदाराच्या तोंडी: "फिली दे ले पुते, त्राइते!" रांडेच्यांनो, ओढा! संत या पट्ट्यात दिसतच नाही, फक्त त्याचे शब्द आहेत आणि ते लॅटिनमध्ये: तुमच्या काळजाच्या कठोरपणामुळे दगड ओढणंच तुमच्या नशिबी आलं. ते लॅटिनही व्याकरणात डळमळलेलं आहे. शिवी मात्र ठणठणीत.

मी त्या "को लो पालो"मधल्या ("त्या काठीने") "लो"पाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. लॅटिनला आर्टिकल, म्हणजे इंग्रजी "द"सारखा शब्द, नव्हतं. "तो" या अर्थाच्या "इल्ले" शब्दाची झीज होत होत आजचे "इल", "लो", "ला" तयार झाले, हे आम्ही तक्ते करून पाठ केलं होतं. इथे ते काम पूर्ण झालेलं दिसतं, आणि तेही काठी रेटणाऱ्या गड्याला दिलेल्या हुकुमात. रंग पुष्कळ उडालाय. ओळी आधी पाठ नसतील तर अक्षरं लागत नाहीत, म्हणून जाणाऱ्याने पाठ करूनच जावं.

तेवढ्यात शाळेची मुलं आली, पंधरा-सोळा वर्षांची, प्रचंड गोंगाट करत. आता संपलं, असं वाटून मी वैतागले. पण त्यांच्या बाईंनी गप्प करायच्या ऐवजी खणखणीत आवाजात मजकूर वाचायला घेतला. शिवी आली आणि अख्खा वर्ग खिदळला. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. नऊशेहून जास्त वर्षांपूर्वीची ओळ! पुढचं लॅटिन वाक्य वाचलं तेव्हा सगळे चिडीचूप, बाईंनाच उलगडून सांगावं लागलं. मग एका जाडजूड मुलाला मित्रांनी "कार्व्होंचेल्ले" म्हणत मागून ढकलत जिन्यापर्यंत नेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आपल्याकडे शिलाहार अपरादित्याच्या काळातला परळचा शिलालेख असाच आहे. दानाचा मजकूर संस्कृतात आणि ते मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी मराठीत. जी भाषा सगळ्यांना कळायलाच हवी ती धमकावताना आणि साक्ष काढताना लिहावी लागते. दक्षिण इटलीतल्या कापुआच्या 960 सालच्या निवाड्यातही न्यायाधीशाचं सगळं लॅटिन आहे, फक्त साक्षीदारांची शपथ बोलीत: ही जमीन तीस वर्षं संत बेनेडिक्टच्या मठाकडे होती, मला ठाऊक आहे.

तो निवाडा ज्या मोंतेकासिनोच्या मठाच्या बाजूने लागला, तिथे दुसऱ्या दिवशी जाऊन आले. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात मठ जमीनदोस्त झाला होता, पण ग्रंथ आणि कागदपत्रं आधीच रोमला हलवल्यामुळे वाचली. धुकं होतं, काही दिसलं नाही.

मग फ्लोरेन्स. शहर सुंदर आहे, पण गर्दीने जीव नकोसा होतो. शहराबाहेर कास्तेल्लोला, फ्लोरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या हवेलीत, आकादेमिया देल्ला क्रुस्का आहे. क्रुस्का म्हणजे कोंडा. पीठ आणि कोंडा वेगळा करावा तशी भाषा चाळायची, या ध्यासाने 1583 मध्ये स्थापन झालेली संस्था. 1612 मध्ये त्यांचा पहिला शब्दकोश निघाला. दालनात सदस्यांची मानचिन्हं टांगलीत: बेकरीतली लांब दांड्याची लाकडी फावडी, प्रत्येकावर चित्र आणि सदस्याचं टोपणनाव. फार देखणी.

त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांनी आधार धरला तो प्रामुख्याने चौदाव्या शतकातल्या फ्लोरेन्सच्या लेखकांचा. शब्दकोश निघेपर्यंत रोमची जुनी बोलीही पालटली होती. ती मुळात नेपल्सकडच्या बोलींच्या जवळची. मेदिची घराण्यातल्या पोपांबरोबर तोस्कानाची, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांताची माणसं आली, 1527 च्या लुटीत शहर ओस पडलं, मग बाहेरून लोक येऊन वसले आणि बोली तोस्कानी वळणाची झाली. 1861 मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन येणारे भाषेचे अभ्यासक दे माउरो यांच्या हिशेबाने शंभरात अडीच, दुसरे अभ्यासक कास्तेल्लानी यांच्या हिशेबाने दहाच्या आसपास.

परतताना बसमध्ये शेजारच्या आजी फोनवर घराला "ला हासा" म्हणत होत्या. फ्लोरेन्सचे लोक दोन स्वरांमधला "क" असा "ह"कडे नेतात. लिहिताना मात्र तो "कासा"च राहिला. मी माझा थांबा विचारला तर त्यांनी फोन बाजूला ठेवला, ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, आणि थांबा येईपर्यंत माझ्याशी त्याच "ह"कारात गप्पा मारल्या.