बोनच्या रिंगणात डोरेमॉन

जुलै लागला की आमच्या भागातल्या सूचनाफलकांवर कागदी कंदिलांची चित्रं असलेली पत्रकं दिसू लागतात. आम्ही राहतो तोक्योच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डात. इथल्या निशिकासाई परिसरात इतकी भारतीय कुटुंबं आहेत की स्टेशनबाहेर कुणी मराठीत हाक मारली तरी नवल वाटत नाही. पत्रकावर तारीख, वेळ, कुठल्या शाळेचं मैदान आणि पाऊस आला तर काय, एवढं लिहिलेलं असतं. काही पत्रकांवर खाली बोन या सणाच्या नाचातल्या गाण्यांची यादीही असते. त्या यादीत कोळसा खाणीतल्या कामगारांचं जुनं गाणं असतं, नव्वद वर्षांपूर्वीचं तोक्योचं गाणं असतं आणि त्यांच्याच रांगेत डोरेमॉनही असतो.

आज लिहायचंय ते या यादीबद्दल. घरी फोनवर सांगितलं की गावजत्रेत इथले लोक कार्टूनच्या गाण्यांवर नाचतात, तर पहिला प्रश्न येतो, "मग परंपरा कुठे राहिली?" माझं उत्तर असं की ती त्या रिंगणातच आहे, आणि डोरेमॉनला आत घेतल्यामुळे जास्त धडधाकट आहे. ते नीट सांगायचं तर आधी हा नाच काय आहे ते सांगायला हवं.

बोन म्हणजे पितरांचे दिवस. तोक्योतल्या बऱ्याच घरांत ते जुलैच्या मध्यावर पाळतात, देशात इतरत्र बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्टला. यामागची कथा आपल्याच मातीतली आहे. बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन यांना दिव्यदृष्टीने दिसलं की आपली आई प्रेतलोकात उपाशी तळमळते आहे. बुद्धांनी त्यांना वर्षावास संपवणाऱ्या भिक्षूंना अन्नदान करायला सांगितलं. त्या पुण्याने आईची सुटका झाली आणि मुलगा आनंदाने नाचला. बोनचा नाच तिथून सुरू झाला असं इथले लोक सांगतात. आज शहरांत जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी गल्लोगल्ली हा नाच होतो आणि त्यात पितरांइतकाच शेजाऱ्यांचाही वाटा असतो.

मैदानाच्या मधोमध लाकडी आणि लोखंडी सांगाड्याचा दुमजली मंच उभा राहतो, त्याला यागुरा म्हणतात. त्याच्या माथ्यावर मोठा ताइको ढोल. तिथून चारी दिशांना दोऱ्या ताणून कंदील टांगतात आणि कंदिलांवर वर्गणी देणाऱ्यांची नावं असतात: दाताचा दवाखाना, तांदळाचं दुकान, सायकल दुरुस्तीवाला. आमच्याकडे त्या रांगेत भारतीय किराणा दुकानाचं नावही लागतं, जपानी लिपीत. भोवती खाण्याचे स्टॉल. तव्यावर परतलेल्या याकिसोबा नूडल्स, ऑक्टोपसचे तुकडे घातलेले गोल ताकोयाकी, रंगीत पाक ओतलेला बर्फाचा किस. लहान मुलं कागदी जाळीने पाण्यातले सोनेरी मासे पकडत बसतात. ती जाळी इतकी पातळ असते की पाण्यात जरा जास्त रेंगाळली की फाटते.

आणि यागुराभोवती रिंगण. भोंडला आठवा: मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, गाणं येत नसलं तरी पुढचीचं बघून पाय टाकायचे. इथेही तसंच, फक्त हत्तीच्या जागी ढोल आणि फेरात आजोबा, ऑफिसातून थेट आलेले पुरुष, शाळकरी पोरं, आमच्यासारखे परदेशी, सगळे. आतल्या कड्यात किंवा मंचावर एकसारख्या युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, नेसलेल्या मोहल्ल्यातल्या बायका असतात. त्यांना प्रत्येक नाच तोंडपाठ असतो आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकतात. तालीम नाही, नाव नोंदवणं नाही, तिकीटही नाही. एका नाचाच्या हालचाली पंधरा-वीस, आणि गाणं संपेपर्यंत त्याच पुन्हा पुन्हा. तिसऱ्या आवर्तनापर्यंत हात आपोआप चालायला लागतात.

मला सगळ्यात आवडतं ते खाण कामगारांचं गाणं, 'तानको बुशी'. क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणींतून ते आलं आणि देशभर पसरलं. नाचात खाणीतलं काम जसंच्या तसं आहे. आधी फावड्याने खणायचं, मग कोळसा खांद्यावर टाकायचा, मागे सरकत कपाळावर हात धरून वर बघायचं, मग कोळशाची गाडी पुढे ढकलायची, हात उघडायचे आणि टाळी. वर बघायचं ते चंद्राकडे. गाण्यात म्हटलंय की मिइके खाणीवर चंद्र उगवलाय, पण धुराडं इतकं उंच की त्या धुराने चंद्राचा जीव गुदमरत असेल. मिइकेची खाण १९९७ मध्ये बंद झाली. तोक्योत ज्यांनी कधी कोळसा हातात धरला नाही ती दुसरी-तिसरीतली मुलं मात्र दर उन्हाळ्यात ती गाडी ढकलतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मीही. त्या क्षणी कुणा कष्टकऱ्याच्या पाठीचा बाक आपल्या पाठीत उतरतो, हे मी अगदी मनापासून सांगते.

ओंदो म्हणजे फेर धरून नाचायचं गाणं. 'तोक्यो ओंदो' हे गाणं आज इतकं जुनं आणि घरचं वाटतं की ते शेकडो वर्षांपूर्वीचं असणार असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात तो रेकॉर्ड कंपनीचा हिट आहे. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, तोक्योच्या मध्यवर्ती भागातल्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन 'मारुनोउची ओंदो' नावाचं गाणं करवून घेतलं आणि हिबिया बागेत त्यावर नाच भरवला. त्याच वर्षी आसपासची गावं सामावून तोक्यो शहर ३५ वॉर्डांचं झालं होतं. दुसऱ्या वर्षी, १९३३ मध्ये, शब्द बदलून तेच गाणं अख्ख्या तोक्योचं झालं. शब्द साइजो यासो यांचे, चाल नाकायामा शिम्पेइ यांची. ते गाणं वणव्यासारखं पसरलं. त्याआधी मेइजी काळात (१८६८ ते १९१२) अनेक प्रांतांत अधिकाऱ्यांनी बोनच्या नाचावर बंदी घातली होती, असंस्कृत आणि अश्लील म्हणून. त्या नाचाला शहरात पुन्हा मानाने उभं करणारं गाणं बाजारासाठी लिहिलेलं, ग्रामोफोनवर विकलेलं होतं. आज ते याकुल्त स्वॅलोज या बेसबॉल संघाचंही गाणं आहे. जिंगू स्टेडियममध्ये धाव निघाली की प्रेक्षक छोट्या छत्र्या उघडून ते गातात, आणि स्टँडभर छत्र्या वरखाली होतात.

म्हणजे बोनच्या नाचात पॉप शिरलं ते काही कालपरवा नाही. त्या त्या पिढीचं गाजलेलं गाणं रिंगणात आलं, काही टिकली, काही गळून पडली. मुलांसाठी डोरेमॉनचं ओंदो आहे. अनपानमानचंही आहे. हा आपल्याकडे फारसा माहीत नसलेला नायक: डोकं गोड डाळ भरलेल्या पावाचं, आणि भुकेल्या माणसाला तो स्वतःचं डोकं तोडून खायला देतो. उपाशी आईच्या कथेतून आलेल्या सणात त्याला जागा मिळाली हे मला फार योग्य वाटतं.

आइची आणि गिफू प्रांतांत तर १९८५ सालचं ओगिनोमे योको हिचं 'डान्सिंग हिरो' हे डिस्को गाणं कित्येक वर्षं बोनच्या मैदानात वाजतंय. मूळ इंग्रजी गाण्याची ही जपानी आवृत्ती. २०१७ मध्ये ओसाका प्रांतातल्या एका शाळेच्या नृत्यसंघाने त्यावर नाच केला, त्याचा व्हिडिओ तुफान पसरला आणि गाणं पुन्हा देशभर गाजलं. पण आइचीतल्या नागोयाकडच्या लोकांनी ते कधी सोडलंच नव्हतं. ऐतिहासिक मालिकांमध्ये शोगुन साकारणारे मात्सुदाइरा केन सोनेरी किमोनो घालून नाचले ते 'मात्सुकेन सांबा' सुरू झालं की आमच्या मैदानात ऐंशीच्या आजीसुद्धा स्टॉलवरची खुर्ची सोडून उठतात. आणि तोक्योच्या नाकानो भागात बॉन जोव्ही या अमेरिकन रॉक बँडच्या गाण्यावर शेकडो लोक युकाता घालून फेर धरतात. त्याचा व्हिडिओ कदाचित तुमच्यापर्यंतही आला असेल.

हे जमतं कसं? कारण नाचाचा साचा बदलत नाही. रॉक असो की डिस्को, वर ताइकोवाला तोच ठोका धरतो, फेर त्याच दिशेने फिरतो, हालचाली मोजक्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या. कुणी मध्ये येऊन एकट्याचं कसब दाखवत नाही. मंचावर कुणी तारा नसतो, आणि नाचणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त, असं चित्र आमच्या मैदानात तरी नसतं. गाणं नवं आलं तर त्याला या शिस्तीत बसावं लागतं. मोठ्यांचा आक्षेप मी इथेही ऐकला आहे, की पोरं येतात फक्त त्यांच्या गाण्यापुरती. पण मी पाहिलंय ते असं: डोरेमॉनसाठी आत शिरलेलं पोर पुढचं खाणीचं गाणं लागलं तरी बाहेर जात नाही, कारण तोवर त्याच्या पुढच्या आजीने मान वळवून त्याला हात कसा धरायचा ते दाखवलेलं असतं.

तोक्योत एकच बोनचा नाच बघायचा असेल तर त्सुकिजी होंगानजीचा बघा. देऊळ जपानी वाटतच नाही. १६१७ मध्ये असाकुसाजवळ बांधलेलं मूळ देऊळ १६५७ च्या आगीत गेलं, मग समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर पुन्हा उभं राहिलं, १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत पुन्हा गेलं. आजची दगडी वास्तू १९३४ ची. वास्तुविशारद इतो चुता यांनी भारतात फिरून प्राचीन बौद्ध वास्तुकला पाहिली होती. दर्शनी कमान बघताच मला कार्ल्याच्या चैत्याची कमान आठवली आणि पाय तिथेच थांबले. जिन्याजवळ दगडी हत्ती आहेत, आत पाइप ऑर्गन आहे. एक्स जपान या रॉक बँडचा गिटारवादक हिदे १९९८ च्या मे महिन्यात गेला तेव्हा त्याचा अंत्यविधी इथेच झाला आणि सुमारे ५०,००० चाहते आले. ज्या देवळाने त्या रडणाऱ्या पोरांना दार उघडं ठेवलं, त्याच्याच अंगणात दर उन्हाळ्यात यागुरा उभा राहतो. हे देऊळ ज्या बौद्ध पंथाचं आहे त्यात मृतात्मे बोनला घरी परत येतात असं मानत नाहीत, गेलेला माणूस बुद्ध झालेलाच असतो. म्हणून हे दिवस त्यांच्यासाठी आनंदाचे. जवळच्या बाहेरच्या बाजारातली दुकानं स्टॉल लावतात, त्यामुळे खाणं इतर मैदानांपेक्षा कितीतरी सरस. मासळीचा घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण ही दुकानं तिथेच राहिली आहेत.

याच्या उलट टोकाला गिफूच्या डोंगरातलं गुजो हाचिमान हे गाव. तिथे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसहून अधिक रात्री नाच चालतो आणि १३ ते १६ ऑगस्टला पहाटेपर्यंत. गाणारे आणि वाजवणारे मंचावर प्रत्यक्ष बसतात, लाकडी गेता चपलांचा आवाज रस्त्यावर घुमतो. नाच ठरलेले दहा, नवीन कुणी घालत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोने जपानच्या ज्या ४१ लोकनृत्यांना मिळून वारशाच्या यादीत घेतलं त्यात गुजोही आहे. तिथे बॉन जोव्ही नको, असं मीही म्हणेन. चारशे वर्षं एका गावाने जे जपलं त्याला तसंच राहू द्यावं. शहरातल्या मैदानाची गरज वेगळी आहे, तिथे दर काही वर्षांनी शेजारीच बदलतात.

आणि शहरातली खरी काळजी गाण्यांची नाहीच, माणसांची आहे. हे सगळं उभं करते ती चोनाईकाई, म्हणजे मोहल्ल्याची संस्था. सूचना लावलेली फाइल घरोघर फिरवणारी, कचऱ्याच्या जागेपासून भूकंपाच्या तयारीपर्यंत सगळं बघणारी. आमच्याकडे यागुरा बांधणारे बहुतेक जण सत्तरीपुढचे आहेत. तरुण ऑफिसात, नवे रहिवासी सदस्य होत नाहीत. आवाजाच्या तक्रारीही येतात. आइचीतल्या तोकाई शहरात त्यावर उपाय म्हणून लोक कानात इयरफोन घालून नाचले. बाहेरून बघणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही, पण सगळ्यांचे हात एकाच ठेक्यावर. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे बहुतेक मैदानं रिकामीच होती. त्यानंतर कित्येक मोहल्ल्यांत नाच पुन्हा सुरू करायला माणसंच पुरेनात.

आमच्याकडे ती जागा थोडीफार आम्ही भरतो. संस्थेतल्या एका आजोबांनी आमचं दार वाजवून विचारलं होतं, तंबू उभारायला येणार का. आता आमच्या इमारतीतली मराठी, तमिळ आणि बंगाली घरं त्या शनिवारी सकाळीच मैदानात असतात. माझा नवरा बांबू धरतो, मी खाण्याच्या तिकिटांच्या टेबलावर. मुलगी दोन वर्षं धाकट्यांच्या ताइको वर्गात जाते. आणि नवरात्रात आम्ही पार्कात भोंडला करतो तेव्हा आतल्या कड्यातल्या दोन आजी येतात, 'ऐलमा पैलमा'ला बरोबर पाय टाकतात आणि खिरापत ओळखायला आमच्याइतक्याच चढाओढीने बसतात.

कुणी जुलै-ऑगस्टमध्ये तोक्योला येणार असाल तर त्सुकिजीच्या तारखा आधी बघून ठेवा, साधारण जुलै संपता-संपता किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला असतात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पोचा, गर्दी वाढण्याआधी खाऊन घ्या. युकाता नसली तरी चालतं, सुती कपडे आणि घट्ट बसणाऱ्या चपला पुरे. हातपंखा जवळ असू द्या, काही नाचांत तो लागतो आणि उकाड्यात तर लागतोच. बहुतेक ठिकाणी नऊच्या सुमाराला सगळं संपतं. रिंगणात शिरताना सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या मागची जागा धरा आणि तिच्या पायांकडे न बघता हातांकडे बघा.