मान हलवली की अंतर दिसतं

माझ्या डाव्या डोळ्याची नजर लहानपणापासून अधू आहे. याला आळशी डोळा म्हणतात. डोळा बाहेरून ठणठणीत, पण त्याने पाठवलेलं चित्र वापरायचं मेंदूनेच सोडून दिलेलं. हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुला अंतर कसं कळतं?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. त्याचं उत्तर दोन्ही डोळे उत्तम असलेल्यांनाही लागू पडतं, फक्त त्यांच्यावर ते शोधायची वेळ येत नाही.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे एकच वस्तू दोघांना किंचित वेगळ्या बाजूने दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणाच्या, मदतीने हे दाखवून दिलं. ही सोय मला नाही. सुई ओवताना मी दोरा सुईच्या बाजूला टेकवून मग सरकवत नेते. जगमधून पाणी ओतताना आधी जगची चोच पेल्याच्या काठाला लावते. हाताच्या टप्प्यात दोन डोळ्यांचा फायदा सर्वात मोठा असतो, आणि माझी अडचणही तिथेच सर्वात जास्त. वस्तू जितकी लांब तितका दोन चित्रांमधला फरक पुसट होत जातो, त्यामुळे दूरच्या डोंगरापुढे तुम्ही आणि मी जवळपास सारखेच.

मधल्या टप्प्यात मला सांभाळते ती हालचाल. खिडकीत उभं राहून एक डोळा मिटा आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. नजर लांबवर ठेवलीत तर गज झर्रकन उलट दिशेला पळतील, बाहेरचं झाड जेमतेम सरकेल आणि चंद्र असलाच तर तो तुमच्याबरोबरच चालल्यासारखा वाटेल. तो सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब आहे, तुमच्या वीतभर हालचालीने त्याच्या दिशेत काय फरक पडणार! कोण किती सरकलं यावरून कोण किती लांब, हे कळतं. मी दिवसभर नकळत हेच करत असते. बोलताना मी जरा डुलते असं घरचे म्हणतात, ते बहुधा यामुळेच. त्रिमितीय चित्रपटात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण कितीही मान हलवली तरी पडद्यावरचं झाड आणि त्यामागचा डोंगर एकमेकांच्या तुलनेत जागचे हलत नाहीत.

चालायला लागलं की माझी नजर खरी खुलते. समोरचं जग सगळ्या बाजूंनी पसरत मागे वाहू लागतं. या प्रवाहात एकच बिंदू स्थिर राहतो: आपण जिकडे निघालो आहोत तो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करताना जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञांनी विमान उतरवण्याचा विचार असाच केला. त्याआधी, १९३३ मध्ये, वायली पोस्ट यांनी एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, पावणेआठ दिवसांच्या आसपास. असं करणारे ते पहिलेच, आणि त्यांना डावा डोळा नव्हता. १९२६ मध्ये तेलविहिरीवरच्या अपघातात तो गेला होता. ही गोष्ट मला शाळेत असताना कुणी सांगायला हवी होती.

पण मला सर्वात जास्त विचार करायला लावतो तो रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांचा १९६३ मधला प्रयोग. अंधारात वाढवलेल्या मांजरीच्या पिल्लांना त्यांनी जोडीजोडीने एका फिरत्या दांड्याला जोडलं. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल चालायचं, दुसरं टोपलीत बसून त्याच्यामुळे फिरायचं. दोघांना दिसणारं दृश्य जवळपास तेच. नंतर खोल कड्यासारखा भाग समोर आला तेव्हा चाललेली पिल्लं तो टाळायची, टोपलीतल्या पिल्लांना तो उमगायचा नाही. उजेडात मोकळं सोडल्यावर मात्र तीही शिकली. नुसतं दृश्य डोळ्यांपुढून सरकून भागत नाही. ते आपण हललो म्हणून सरकलं, हे शरीराला कळावं लागतं. गाडीच्या मागच्या सीटवर बसून अनेकदा गेलेला रस्ता मला आठवत नाही, एकदा चाललेला आठवतो. मला तरी हे त्याच धाटणीचं वाटतं.

एक गोष्ट घरी करून बघा. मोकळ्या जागेत दहा-बारा पावलांवरची एखादी खूण नीट पाहा, डोळे मिटा आणि तिच्यापर्यंत चालत जा. सोबत कुणीतरी असू द्या. बहुतेक जण खुणेच्या अगदी जवळ थांबतात. तीच माणसं तेच अंतर मीटरमध्ये सांगायला गेली की आकडे वाटेल तसे येतात. पायांना जे ठाऊक असतं ते तोंडाला सांगता येत नाही. अर्थात ही शिदोरी थोड्या अंतरापुरतीच. सूर्य ढगांआड असला आणि दूरची कुठलीच खूण दिसत नसली, तर माणूस सरळ चालतोय असं समजून खरोखरच गोल गोल फिरतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना जंगलात आणि वाळवंटात चालायला लावून हे तपासलं गेलं.

माझी खरी परीक्षा उतरत्या जिन्यावर असते. सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या, वर मंद उजेड. अशा वेळी पायरीची कडच हरवते. मान कितीही हलवा, सरकताना दिसेल अशी रेषाच नसेल तर करणार काय? मग कठडा धरायचा आणि पायाने चाचपत उतरायचं. वयस्कर माणसांना तर ही अडचण दोन्ही डोळे असूनही येते. तुमच्या हातात एखादा जिना बांधायचं किंवा दुरुस्त करायचं काम असेल, तर कृपया प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. शेवटच्या पायरीला तर नक्कीच.