पेन्सिल्व्हेनियाला पाठवलेली चाळीस पोस्टकार्डं

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर बसून मी चाळीस पोस्टकार्डं लिहिली, सगळी पेन्सिल्व्हेनियातल्या लोकांना, ज्यांना मी कधी भेटले नाही आणि बहुतेक कधी भेटणारही नाही. एका व्हॉलंटियर ग्रुपने पत्ते आणि मजकूर पाठवला होता. हाताने लिहायचं, अक्षर सुवाच्य हवं, समोरच्याच्या नावाचं स्पेलिंग चुकवायचं नाही, खाली फक्त आपलं पहिलं नाव. पंचविसाव्या कार्डाला बोटं भरून आली म्हणून पेन खाली ठेवलं तर शेजारीच माझं स्वतःचं बॅलट, म्हणजे मतपत्रिका, पडलेलं. कॅलिफोर्नियात ते पोस्टाने घरी येतं, भरायचं, पाकिटावर सही करायची आणि पोस्टात टाकायचं, तिकीटसुद्धा लावावं लागत नाही. आठवडाभर ते तसंच पडून होतं, आणि मी मात्र तीन हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाने मत द्यावं म्हणून हात दुखवून घेत होते.

बरं, त्यात माझं काही चुकतही नव्हतं, कारण हिशोबच तसा आहे. प्रेसिडेंटच्या निवडणुकीत कॅलिफोर्निया कुठे जाणार ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, पेन्सिल्व्हेनियाचं कोणालाच माहीत नसतं. सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी मी दोन आकडे घोकले होते, काँग्रेस म्हणजे इथल्या संसदेच्या दोन सभागृहांचे, हाऊसचे ४३५ आणि सेनेटचे १००. त्यात वॉशिंग्टन डीसीचे ३ मिळवले की झाले ५३८ इलेक्टर्स, म्हणजे राज्यांच्या वतीने प्रेसिडेंट निवडणारे प्रतिनिधी, आणि ज्याला २७० मिळाले तो प्रेसिडेंट. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकी ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर्स. दुसऱ्याला शून्य.

हे शून्य मला खरं बोचतं. आमच्या शेजारचे आजोबा दुसऱ्या पक्षाचे आहेत, आमचं राजकारणात एका गोष्टीवर एकमत नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्पला ६० लाखांवर मतं पडली, त्या वर्षी कुठल्याही राज्यात त्याला मिळालेली सगळ्यात जास्त, अगदी टेक्सासपेक्षाही जास्त. आणि त्यातून इलेक्टर्स किती मिळाले तर एकही नाही. तिकडे टेक्सासमध्ये बायडनला ५२ लाखांवर मतं, त्यांचंही तेच. आजोबा म्हणाले, मी बॅलट भरतो ते खालच्या प्रॉपोझिशन्ससाठी, म्हणजे राज्याच्या कायद्यांवरच्या प्रश्नांसाठी, वरचा प्रेसिडेंटचा चौकोन सवयीने काळा करतो. दर वेळी नेमाने मत देणारा माणूस असं बोलतो तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता मला वाटतं ही इलेक्टर्सची पद्धत जावी आणि थेट देशभरातली मतं मोजावीत, पण पूर्वी मी उलट बाजूची होते हेही सांगायला हवं. मला वाटायचं की हा देश राज्यांचा मिळून झालाय, लहान राज्यांना थोडं जास्त वजन दिलं तर काय बिघडलं. वायोमिंगला पावणेसहा लाख लोकांमागे ३ इलेक्टर्स, कॅलिफोर्नियाला जवळपास चार कोटींमागे ५४, म्हणजे तिथल्या माणसाचं वजन माझ्या साधारण पावणेचारपट. ठीक आहे म्हटलं, मोठ्या भावाने थोडं सोसावं. पण मग बघायला लागले की उमेदवार प्रचाराला जातात कुठे, तर वायोमिंगला नाही, व्हरमाँटला नाही, नॉर्थ डकोटालाही नाही. जातात पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोनाला. म्हणजे वजन दिलं लहानांच्या नावाने आणि लक्ष मिळतं ते जिथे चुरस आहे त्यांना, लहान असो की मोठं.

आणि थेट मतं मोजली तर मोठी शहरंच सगळं ठरवतील ही जी भीती घातली जाते ना, ती पण मी एकदा मोजून पाहिली. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, ह्यूस्टन, फिनिक्स, ही सगळ्यात मोठी पाच शहरं मिळून माणसं दोन कोटींच्या आत, आणि देश तेहतीस कोटींचा. आणि शहरातले सगळे काही एकालाच मत देत नाहीत.

ही पद्धत आली कशी ते वाचलं तेव्हा माझं मत खरं बदललं. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहायला जमलेल्यांपैकी पेन्सिल्व्हेनियाचा जेम्स विल्सन थेट लोकांनीच निवडून द्यावं म्हणत होता. पुढे प्रेसिडेंट झालेल्या जेम्स मॅडिसनलाही तत्त्वतः ते सगळ्यात बरं वाटत होतं, पण त्याने अडचण उघड बोलून दाखवली, की थेट मतदान घेतलं तर दक्षिणेकडच्या राज्यांना त्यांच्या गुलामांच्या संख्येचा काही उपयोग होणार नाही, कारण गुलामांना मतच नव्हतं. इलेक्टर्सची संख्या काँग्रेसमधल्या जागांवर बांधली आणि त्या जागा मोजताना पाच गुलामांची तीन माणसं धरली, की अडचण सुटली. कारण हे एकटंच नव्हतं, एवढ्या पसरलेल्या देशात लोकांना दूरचे उमेदवार कसे माहीत असणार ही पण शंका होतीच. पण ही शंका आता उरलेली नाही आणि गुलामगिरी १८६५ मध्येच संपली, मग आपण नक्की काय जपून ठेवलंय.

शिवाय ते सगळेच्या सगळे एकाला हे घटनेत कुठेच नाही हो! घटना फक्त एवढं म्हणते की राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं. राज्यांनी एकमेकांचं बघून आपापल्या फायद्यासाठी ते सुरू केलं, १८०० साली प्रेसिडेंटपदाला उभ्या असलेल्या आपल्याच जेफरसनला सगळी मतं मिळावीत म्हणून व्हर्जिनियाने केलं, मग बाकीचे.

माझी मावसबहीण पिट्सबर्गच्या बाहेर राहते. ताईचं म्हणणं, ही पद्धत राहू दे, आणि तिचा एक मुद्दा असा आहे की त्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. ती म्हणाली, "अगं, २००० साली फ्लोरिडात काय झालं आठव. एका राज्याची मोजणी लटकली तर एवढा गोंधळ, उद्या देशभर मोजायची वेळ आली तर पन्नास फ्लोरिडा होतील." ती चित्रं तिच्याइतकीच मलाही आठवतात, तो अधिकारी बॅलट दिव्यासमोर धरून, भिंग लावून, डोळे ताणून बघतोय की भोक पूर्ण पडलंय का कागदाचा कपटा लटकतोय. जवळपास ६० लाख मतांत ५३७ चा फरक, आणि शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने मोजणी थांबवली. बुशसमोर उभ्या असलेल्या गोरला देशभरात पाच लाखांवर मतं जास्त होती आणि प्रेसिडेंट बुश झाला.

पण ताई, हेच उलटं करून बघ ना. १९६४ पासून एकाही निवडणुकीत देशभरातला फरक पाच लाखांच्या खाली गेलेला नाही. एवढ्या फरकाला कोण भिंग लावून बसेल? भिंग लागतं ते राज्यात, कारण तिथे ५३७ वर सगळं अडतं. २०२० मध्ये बायडनला देशभरात ७० लाख मतं जास्त होती, तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तिन्हींतली आघाडी मिळून भरत होती फक्त ४३ हजारांच्या आसपास. तेवढं फिरलं असतं तर २६९-२६९, आणि मग निकाल हाऊसमध्ये, जिथे अशा वेळी प्रत्येक राज्याला एक मत, वायोमिंगला एक आणि कॅलिफोर्नियालाही एकच. ४३ हजार मतं शोधायची तर कोणालाही मोह होईल, ७० लाख कोण शोधेल.

आणि हे बदलणं अशक्यच आहे असंही नाही, एकदा अगदी दारापर्यंत आलं होतं. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेसने पाच राज्यं जिंकून ४६ इलेक्टर्स घेतले आणि दोन्ही पक्ष घाबरले की कोणालाच बहुमत मिळालं नाही तर हा मधेच बसून सौदा करणार. पुढच्या वर्षी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती हाऊसने ३३८ विरुद्ध ७० ने पास केली, प्रेसिडेंट निक्सनचाही पाठिंबा होता. १९७० मध्ये सेनेटमध्ये काही जणांनी, त्यात दक्षिणेचे सेनेटर पुढे होते, चर्चा लांबवत ठेवली, ती थांबवायला दोन तृतीयांश लागत होते, दोनदा प्रयत्न झाला, ५४-३६ आणि ५३-३४, आणि विषय तिथेच मेला. हे आकडे वाचताना मला अजून चुटपुट लागते.

आता दुसरी वाट चालू आहे. घटनादुरुस्तीला ३८ राज्यांची मंजुरी लागते, त्यापेक्षा राज्यांनीच आपसात करार करायचा की देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच आम्ही आमचे इलेक्टर्स देऊ, पण करारातल्या राज्यांचे मिळून २७० झाल्यावरच. मेरीलँडने २००७ मध्ये सुरुवात केली, २०२४ मध्ये मेन आलं तेव्हा बेरीज २०९ वर गेली. कोर्टात आव्हान मिळणार हे नक्की, तरी मला ही वाट पटते. पेन्सिल्व्हेनिया यात नाही. त्यांचे १९ आहेत.

ताईला फोनवर हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आमच्या दाराशी कोणी येणारच नाही गं." गेल्या वेळी शेवटच्या आठवड्यात तिच्याकडे रोज कोणी ना कोणी यायचं, पत्रपेटीतून चकचकीत कागदांचा गठ्ठा निघायचा. एक कॉलेजची मुलगी ओहायोहून आली होती, थंडीने नाक लाल झालेलं, ताईने तिला आत बसवून चहा दिला आणि भाओजींच्या ऑपरेशनच्या बिलांचं सगळं सांगितलं, आणि त्या मुलीने ते फोनमध्ये टिपून घेतलं. माझ्या दाराशी इतक्या वर्षांत प्रेसिडेंटच्या नावाने एकदाही बेल वाजली नाही. म्हटलं ताई, तुझ्याकडचं काढून घ्यायचं नाहीये, ती मुलगी माझ्याकडे पण यायला हवी, आजोबांकडे पण.

तिच्या भागातला स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह निवडणुकीआधी स्वतः घरोघरी फिरतो. या वेळी आला की त्या कराराचं विचारते म्हणाली, पण आधी मला नीट मराठीत लिहून पाठव, फोनवरचे आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.